हडळीसाठी रडणारा म्हादबा

मंडळी, गिरणीच्या वाचनालयातल्या या फळ्यावर आज बातमी नाही, माझी लाज लिहितोय.

दुपारी आपण तंबूत भुताचा सिनेमा पाहिला. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन दाराशी येते आणि नवरा वाटेवर मोहरी फेकून तिला अडवतो. हडळीचं काम मात्र झकास! ती मागं फिरली तसा आपला म्हादबा, कुंभारी गावचा, रडू लागला. "भ्याला रं गडी!" मीच पहिल्यांदा ओरडलो. अख्खा तंबू हसला.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "लेकरू बघाया आली आसंल की ती. माजी बायकू बाळंतपणात गेली, तवा तिच्या तिरडीमागं म्या बी मोहरी टाकली हुती."

सांगा, उद्या मागावर त्याच्या शेजारी कोणत्या तोंडानं उभा राहू?