सोनाबाईंची पाल्याची पारख

वजन उतरवायची पावडर विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं, आणि माझ्या हातून सोनाबाईंच्या सुनेला. बेडकीच्या पाल्याच्या नावाखाली डब्यात भलतंच भरलं. ते माझ्यासारख्या मुरलेल्या व्यापाऱ्याने ओळखलं नाही. डिंगोऱ्याच्या सोनाबाईंनी ओळखलं.

मेंढरांमागे हिंडून काटक झालेली बाई. बांधावरच्या बेडकीच्या वेलाचा पाला खुडून, सावलीत वाळवून मला विकायची. हा पाला चावला की घटकाभर गोड चव कळत नाही. पोतं तोलण्याआधी त्या मला दोन पानं चावायला लावत, मग गुळाचा खडा देत. गूळ मातीसारखा लागला की म्हणत, "आता बोल भाव." मी भाव पाडू लागलो की, "राव, जिभेनं कबूल केलंस, आता तोंडानं फिरू नको!"

दोन वर्षं तो पाला मी कंपनीला पोचवला. मग त्यांनी घेणं बंद केलं. तरी दिवाळीला भेट म्हणून पावडरचे डबे आले, वर पाल्याचं चित्र तेच. सोनाबाईंची सून कविता बाळंतपणानंतर अंग सुटलं म्हणून कुढत होती. तिला दोन डबे मीच दिले.

पंधरा दिवसांत तिची भूक मेली. छाती धडधडे, हात थरथरत. सोनाबाईंनी चिमूटभर पावडर जिभेवर चोळली, वर गूळ खाल्ला.

"गोड लागतोय. पाला न्हाईच ह्यात. आन् पाला गोडी मारतो, भूक न्हाई मारत. माझ्या पोत्यात हात घालून तळ बघतोस, ह्यांचा डबा फुकटचा म्हणून बघितला न्हाईस व्हय?"



कविताला दवाखान्यात दाखवून त्या मला घेऊन थेट नारायणगावला, कंपनीच्या दुकानात गेल्या. मॅनेजर म्हणाला, "आजी, शंभर टक्के वनस्पती आहे."

"मग खा की." गिऱ्हाइकांसमोर त्याला चमचाभर पावडर खायला लावली, गूळ पुढे केला. "कसा लागतोय, भाऊ?"

"गोड."

"मग वनस्पती कुठली घातली? गाजरगवत?"

लोक हसले. त्याने शटर ओढलं.

डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली, कविता सावरली. सोनाबाई मागच्या हिवाळ्यात वयोमानाने गेल्या. कंपनीचं ते दुकान नव्या पाटीखाली पुन्हा उघडलंय. उरलेला डबा मी सरकारी तपासणीला दिलाय. पोच मिळाली, निकाल नाही. मी दर सोमवारी त्या कचेरीत जाऊन बसतो, बसत राहणार.

कंपनीचे मालक, कविताच्या पोटात तुम्ही काय घातलंत? मला सांगू नका. डिंगोऱ्याला तिच्या दारात या आणि तिच्या तोंडावर सांगा.