फळीवरची सवत

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती फळी आमच्या घरात आली. मी बाळाला न्हाऊ घालत होते, म्हणून घड्याळ पाहिलेलं. तेव्हापासून तिचे किस्से इतके साठलेत, की हापशावरच्या बाया एखादा ऐकल्याशिवाय घागर उचलत नाहीत.

फळी म्हणजे मॉडेल. पालमला आमच्या ह्यांचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान. ह्यांना आणि जीपवाल्या रहीमभाईंना जुन्या डिझेल जीपला बॅटरीची मोटर जोडायची होती. जीप जड झाली, की चढ समजून खटका पडून मोटरीनं इंजिनाला हात द्यायचा. हलकी झाली, की उतार समजून थांबायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. हे सगळं आधी फळीवर. दोन लहान मोटरी, तारा, खटका आणि गाडीच्या वजनाला दोरीला टांगलेले दगड.

मी विचारलं, पाथरीला माहेरी कधी नेता? बाळ पाच महिन्यांचं झालं, आईनं अजून पाहिलेलं नाही.

"आधी फळीवर चालू दे, मग गाडीवर, मग तू."

माझा नंबर तिसरा!

*

थंडीत बाळाचं दुपटं सापडेना. फळीवर सापडलं. तारांना दव लागतंय म्हणे. मी दुपटं ओढून घेतलं आणि तिच्या अंगावर पोतं टाकलं.

*

बाळाला ताप आला. माझा जीव उडालेला. ह्यांनी कपाळाला हात लावला, "गरम हाय" म्हणाले आणि लगबगीनं गेले. वाटलं, डॉक्टर आणायला. तर फळीच्या मोटरीला हात लावून म्हणाले, "ही पण."

डॉक्टर सासूबाईंनी आणला.

*

दगड कमी पडले म्हणून रहीमभाई माझा वरवंटा घेऊन गेले. जेवताना ह्यांनी विचारलं, चटणी कुठाय?

"वरवंटा चढावर हाय," मी म्हणाले.

*

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. तिच्यात असं काय आहे ते बघावं म्हणून मीच दगड टांगला. मोटर फिरली. काढला, थांबली. एवढंच? एवढ्यासाठी माणूस लेकराला घ्यायचं विसरतो?

*

एकदाची मोटर बसवून जीप पाथरीला निघाली. बाळ माझ्या मांडीवर, फळी ह्यांच्या. रहीमभाई चालवायला, मागं दहा माणसं.

पहिल्याच चढाला मोटर लागली, जीप झोकात चढायला लागली. पण आपल्याकडची रीत. चढ आला की माणसांना गाडीची दया येते. दहाही जण ढकलायला उतरले. जीप हलकी झाली, खटक्याला वाटलं उतार आला. मोटर बंद, जीप उभी. बिचारे परत चढले, मोटर सुरू. जीप हलली की पुन्हा उतरले. असं चार वेळा.

हे फळी उलटीपालटी करून तारा तपासायले. "फळीवर तर बराबर चालतंय."

"फळीवर दगड हायत," मी म्हणाले. "दगड चढावर उतरत न्हाईत."

ह्यांनी फळी मागं सरकवली आणि बाळाला मांडीवर घेतलं.

सोमवारी त्याच जीपनं परत यायचंय. त्या वाटेला जीपमध्ये बसणारं कोणी भेटलं तर एवढा निरोप द्या: चढ आला तरी बसून राहा, खाली उतरू नका.