आईचा अर्ज विचाराधीन होता

आता आमच्या दिल्लीतल्या द्वारकाच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन आणि लॅपटॉप चार. तरीही "माझा स्लो चाललाय यार!" म्हणून लेक पाय आपटते, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हिला एकदा बाबांच्या राज्यात महिनाभर ठेवायला हवं होतं.

बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि रोज संध्याकाळी बाबांबरोबर त्यांचं ऑफिसही घरी यायचं. कॉम्प्युटर घेतला तो दादाच्या बारावीसाठी. आईनं जुन्या साडीची झालर लावून मॉनिटरला झगा शिवला. दुसऱ्याच दिवशी बाबांनी टेबलाच्या पायाला सुतळीनं एक रजिस्टर बांधलं. नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, प्रयोजन, सही. दादाला रोज दोन तास, मला एक, बाबांना रविवारची सकाळ. आईला वेळ द्यायची राहिली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

दादा प्रयोजनाखाली "फिजिक्स" लिहायचा आणि पत्ते खेळायचा. मी "प्रोजेक्ट" लिहून डोंगर आणि सूर्य काढत बसायची. बाबा रोज रजिस्टर तपासून खाली छोटी सही ठोकायचे. कागदोपत्री आमच्याइतकी अभ्यासू मुलं अख्ख्या दिल्लीत नसतील!

एका सोमवारी आईला कळलं, की जवळच्या एका शाळेत टीचरची जागा आहे. शनिवारी दोनच्या आत अर्ज द्यायचा, तोही कॉम्प्युटरवर टाइप केलेला. आईचं बी.एड. लग्नाआधीचं, सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांच्या तळाशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, मार्केटमधल्या टायपिस्टकडून करून घ्या. "घरात कॉम्प्युटर असताना? अंहं. मी माझ्या हातानं करणार," आई म्हणाली. मग मला एकटीला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "मला ही नोकरी हवीय गं. फार हवीय."

आता सरळ जाऊन मशीनवर बसावं की नाही? पण नाही. वीस वर्षं सरकारी माणसाबरोबर काढलेली बाई! तिनं फुलस्केप कागद घेतला. "माननीय महोदय, विषय: कॉम्प्युटरवर दोन तास मिळणेबाबत. कारण: खाजगी." आणि बाबांच्या चहाच्या बशीखाली सरकवला.

बाबा असे खूश झाले की विचारू नका. "अरे वा! प्रॉपर चॅनलनं आलंय बिल्कुल!" त्यांनी समासात लिहिलं, "कृपया चर्चा करावी." चर्चा कुणीच केली नाही. मंगळवारी कागद दादाच्या अभिप्रायासाठी गेला. त्या गाढवानं लिहिलं, "हरकत नाही, माझी वेळ सोडून." बुधवारी बाबांचा शेरा: "खाजगी म्हणजे काय, खुलासा व्हावा." आईनं खाली खुलासा केला, "नोकरीसाठी अर्ज टाइप करणे. शनिवारी दोनच्या आत." बाबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, मांडीवर थाप मारून हसले आणि लिहिलं, "विचाराधीन." आम्हीही हसलो. आईसुद्धा हसली.

शनिवारी बाबांना सुट्टी. मी शाळेतून बाराला घरी आले तर दादा पत्ते खेळतोय, बाबा पेपर वाचतायत आणि आई इस्त्रीची साडी नेसून भेंडी चिरत बसलीय. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, आईचा अर्ज!"

"आहे की. विचाराधीन आहे," बाबा पेपरमागून म्हणाले.

"कसला विचार करताय? दोन वाजता मुदत संपतेय! तिला खरंच नोकरी करायचीय!" दप्तर मी असं आपटलं की दादा खुर्चीत उडाला.

पेपर खाली आला. बाबांनी आईची साडी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तू गंमत करतेयस."

"मलाही वाटलं, तुम्ही गंमत करताय," आई भेंडी चिरता चिरताच म्हणाली. "आज नाही तर उद्या सही कराल. म्हणून थांबले मी पाच दिवस."

बाबा उठले. दादाला बखोटीला धरून खुर्चीतून काढलं. आई बसली आणि एका बोटानं टाइप करू लागली. प्रत्येक अक्षर शोधायला ती चष्मा वर-खाली करायची. बाबा शेजारी उभे राहून स्पेलिंग सांगायला गेले, तर म्हणाली, "येतं मला." प्रिंटरनं खर्र-खर्र करत पान सोडलं तेव्हा पावणेदोन झाले होते. बाबांनी चपला उलट्या घालून ऑटो आणली. दोनला दोन मिनिटं कमी असताना अर्ज पोचला.

ती नोकरी आईला मिळाली नाही. अनुभव नाही म्हणाले. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा त्यांच्या वेळेला कॉम्प्युटरवर बसले होते. आई हातात पेपरमधलं शाळेच्या जाहिरातीचं एक कात्रण घेऊन त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली.

बाबा उठले. कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही.