कापलेलं कडवं

"आवाज ऱ्हाऊ दे म्हाताऱ्याचा. तोंड नको."

अभिजित हे हसत म्हणाला. रागाने नाही. भाजीवाल्याला म्हणावं, मिरच्या दे, कोथिंबीर नको, तसं.

माझे वडील उसाच्या ट्रॉलीच्या चाकामागे गोणपाटावर बसले होते. कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून. कॅमेरा म्हणजे अभिजितचा मोबाईल, स्टँडवर लावलेला. ट्रॉलीच्या पुढे अभिजितचा चुलतभाऊ उभा होता. गोरा, जिममध्ये जाणारा. काजळ आणि माती कालवून त्याच्या तोंडाला फासली होती. ऊसतोड्या दिसावा म्हणून. वडील गात होते, तो ओठ हलवत होता. आवाज नीट यावा म्हणून वडिलांच्या तोंडाजवळ अभिजितचाच दुसरा मोबाईल धरायचा होता. तो धरणारा हात माझा होता.

मी म्हणालो, "अभिशेठ, दादांनाच घ्या की समोर. गाणं त्यांचंच आहे."

"सर, कॅमेऱ्याला शोभलं पायजे ना. तुमी मराठी शिकवा, पिच्चरचं आमाला बघू द्या."

पोरं हसली. अभिजित माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. वडिलांपेक्षा चाळीस तरी. तो त्यांना 'भागा' म्हणायचा. वडील त्याला 'मालक' म्हणायचे. मला तो 'सर' म्हणे, कारण मी त्याच्या चुलत्याच्या संस्थेत शिक्षक होतो. कंत्राटी. दर जूनला नवी ऑर्डर.

वडिलांचं नाव भागाजी. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणायचो. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव कोरडं. गावात ऊस होत नाही. शूटिंगसाठी ट्रॉलीभर ऊससुद्धा बाहेरून आणला होता. ऊस तोडायला मात्र आमच्या गावची माणसं दरवर्षी जातात. दादा तेवीस हंगाम गेले. दिवसा तोड, संध्याकाळी कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर, गाणं. गावी परतल्यावर जयंतीला आमच्या वस्तीची गायन पार्टी उभी राहायची, तेव्हा पेटी दुसऱ्याची आणि आवाज दादांचा. आजोबांच्या पिढीने बुद्धाचा धम्म घेतला तेव्हापासून ही पार्टी आहे. दादांना लिहिता यायचं नाही. गाणी तोंडात असायची.

ते गाणं त्यांनी माझ्यावर रचलं होतं. मी सहा वर्षांचा होतो. शाळा सोडवून मला कारखान्यावर नेलं होतं आणि माझं दप्तर कोपीत टांगलेलं असायचं.

ऊस निघाला गाडीनं, गोडी कुणाच्या वाडीला
माझ्या पोराचं दप्तर, टांगलं कोपीच्या मेढीला

गायन पार्टीत एक रीत आहे. गाणं ज्याचं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. कागद नव्हते, छापखाना नव्हता. माणूस गेला तरी गाणाऱ्याच्या तोंडून त्याचं नाव जावं, यासाठी ही सोय. दादांचं शेवटचं कडवं असं होतं:

भागाजी सांगे पोराला, नाव लिही तू पाटीला
हात घालू नको पुन्हा, कधी कोयत्याच्या मुठीला

त्या दिवशी दादा त्या कडव्यावर आले तसा अभिजितने हात वर केला.

"भागा, ते शेवटचं सोड. लांबतंय."

दादा थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलच्या पडद्यावरचे सरकणारे आकडे पाहत राहिलो.

"बरं मालक," दादा म्हणाले.

व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, गीत: पारंपरिक. गायन आणि संगीत: अभिजित. मागे ढोल घातला होता, वेग वाढवला होता. पंधरा दिवसांत गाणं सगळीकडे झालं. टेम्पोत वाजे. लग्नात वाजे. माझ्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत त्यावर रील करत. गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेत तर ते षटकाराचं गाणं झालं. चेंडू मैदानाबाहेर गेला की डीजेवाला 'ऊस निघाला गाडीनं' एवढा तुकडा लावायचा, आणि पोरं नाचत. स्पर्धा अभिजितच भरवायचा. सामने मोबाईलवरून लाईव्ह जायचे. पुण्यात आणि आमच्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या एमआयडीसीत कामाला गेलेली आमची पोरं डबा खाताना ते पाहत. माझ्या बापाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. कुणाचा आहे हे माहीत नसताना.

स्पर्धेचं समालोचन मी करायचो. दरवर्षी. माझं मराठी चांगलं म्हणून. षटकार मारला की मी ओरडायचो आणि माझ्या ओरडण्यावर दादांचा आवाज चढायचा. हे मी तीन वर्षं केलं. लिहिताना हात थांबतो. पण केलं.

एकदा धीर करून मी व्हिडिओखाली तक्रार नोंदवायला बसलो. तिथे विचारलं होतं, मूळ ध्वनिमुद्रण आहे का. 

होतं. कोरोनात शाळा बंद होत्या त्या काळात दादा घरी बसून होते. ओट्यावर बसून त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये गाणी गायली होती. सोळा गाणी. चेहऱ्यासकट, शेवटच्या कडव्यासकट. आई मधूनच म्हणाली होती, "जरा हळू म्हना, पोराचा मोबाईल फुटंल." तेही त्यात आलं होतं. पुढे संस्थेने सगळ्यांना फर्मान काढलं, रोज दोन पाठांचे व्हिडिओ मुलांना पाठवा. घरात मोबाईल एकच. त्यात जागा उरेना. एका सकाळी मला समास शिकवायचा होता आणि मोबाईल पुन्हा पुन्हा सांगत होता, जागा नाही. मी दादांची गाणी निवडली आणि पुसली. सोळाच्या सोळा. मनात म्हणालो, दादा आहेत की. पुन्हा म्हणतील.

ज्या मुलाच्या शाळेसाठी ते गाणं रचलं, त्यानेच ते शाळेसाठी पुसलं.

मी दादांना म्हणालो, पुन्हा म्हणा. मोबाईल समोर ठेवला. 

"ऱ्हाऊ दे. त्ये गानं आता त्येंचं झालं. मी म्हनलं तर लोक म्हनतील, म्हातारा चोरतोय."

"दादा, तुमचं आहे ते."

"मला ठावं हाय. तुला ठावं हाय. लई झालं."

मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाईल उचलून माझ्या हातात दिला. त्यानंतर ते कोणतंच गाणं गायले नाहीत. जयंतीलाही मागे सतरंजीवर बसून राहिले. पार्टीतला एक म्हातारा थट्टेने म्हणाला, "भागा, आवाज गहान टाकला का काय रं?" दादा हसले. फार वाईट हसले.

या जानेवारीत ते गेले. फुप्फुसाच्या दुखण्याने गेले असं डॉक्टर म्हणाले.

त्यांचा जलदान विधी होता त्या सकाळी स्पर्धा सुरू झाली. मैदान आमच्या वस्तीला लागूनच. घरासमोर मांडव, फोटोपुढे मेणबत्त्या, भंतेजी त्रिशरण देत होते. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. आणि पलीकडून कुणीतरी षटकार मारला.

ऊस निघाला गाडीनं.

भंतेजी थांबले. त्यांना वाटलं गोंगाट आहे. त्यांना काय माहीत. आईने मान वर केली. ती फोटोकडे बघायला लागली. फोटोतला माणूस गप्प आणि त्याचा आवाज मैदानात नाचत होता. वंदना पुन्हा सुरू झाली. पुन्हा षटकार. आईने पदर कानावर घेतला.

मी उठून मैदानावर गेलो. अभिजित स्कोअरच्या टेबलापाशी होता.

"अभिशेठ, तासभर डीजे बंद ठेवा. आमच्याकडे दादांचा विधी आहे."

त्याने खांद्यावर हात ठेवला. "सर, वाईट झालं. लई चांगला मानूस. पन लाईव्ह चालूय ना. बाहेरची पोरं बघत्यात, मधीच आवाज बंद केला तर शिव्या देतील."

"फक्त ते गाणं नका लावू."

"आता काय सांगावं तुमाला." तो टेबलावरच्या पोरांकडे बघून म्हणाला, "अहो, बापाचाच आवाज हाय की तुमच्या. त्यालाबी बरंच वाटंल."

एक पोरगा फिसकन हसला.

आणि तेव्हा मला कळलं. आवाज कुणाचा आहे हे त्याला तर माहीत होतंच. पोरांना माहीत होतं. डीजेवाल्याला माहीत होतं. पुरावा सापडत नाही म्हणून मी झुरत होतो, आणि सगळ्या गावाला माहीत होतं. पुराव्याने काही अडलं नव्हतं.

मी परत आलो. मांडवात बसलो. ते गाणं आणखी चारदा लागलं. मी मोजलं. दुसरं काही करू शकत नव्हतो.

त्या रविवारी अंतिम सामना होता. समालोचनाला आणि बक्षीस समारंभाला माझंच नाव होतं. आई म्हणाली, "जाऊ नगं." मी गेलो. जूनची ऑर्डर डोळ्यांपुढे होती, हे खोटं सांगत नाही.

दुपारी सामना संपला. स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे अभिजितचे चुलते, मुख्याध्यापक, पाहुणे. माझ्या हातात कागद दिला. अभिजितचा सत्कार होता. गाण्याबद्दल. कागदावर लिहिलं होतं: 'आपल्या मातीतलं गीत जगभर पोचवणारे तरुण गायक.' हे मी वाचायचं होतं.

मी पहिली ओळ वाचली. 'मातीतलं' या शब्दावर अडखळलो. काजळ आणि माती कालवलेलं ते तोंड समोर आलं. मी कागद खाली केला.

म्हणालो, "हे गाणं माझ्या वडिलांचं आहे. भागाजींचं. आवाजही त्यांचाच आहे. याला एक शेवटचं कडवं आहे. ते कापलंय. मी म्हणतो."

मला गाता येत नाही. मी वर्गात कविता वाचतो तसं वाचलं. 'भागाजी सांगे पोराला, नाव लिही तू पाटीला.' पुढची ओळ तोंडात होती आणि माईक मेला. मी तरीही बोललो. पुढच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचलं नसेल. डीजेवाल्याने ढोल लावला. मैदानावर पोरं मोबाईल वर धरून चषक उचलणाऱ्या कप्तानाला टिपत होती.

लाईव्ह नंतर मी पाहिलं. माझ्या जागी जाहिरातीचा फलक आहे. त्यावर संगीत आहे. मी पहिली ओळ वाचतो, आणि त्यानंतर मी नाहीच.

घरी आईने विचारलं, "नाव घेतलंस त्येंचं?"

"घेतलं."

"समद्यांनी ऐकलं?"

"नाही."

ती उठली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. मला वाटलं होतं ती रडेल.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. चांगला माणूस. मला बसायला सांगितलं, स्वतः दार लोटलं.

"सर, अध्यक्षसाहेब चिडलेत. पण मार्ग काढलाय. दोन मिनिटांचा व्हिडिओ करा मोबाईलवर. म्हणायचं, वडील गेल्याच्या दुःखात बोलून गेलो. गाणं पारंपरिक आहे. वडिलांचा त्याच्याशी संबंध नाही. शाळेच्या ग्रुपवर टाकू, विषय मिटेल. नाहीतर जूनमध्ये... तुम्हाला कळतंय."

मजकूर त्यांनीच लिहून ठेवला होता. शुद्धलेखनाच्या चुका नव्हत्या. खाली कागदावर सहीसाठी जागा होती.

"शनिवारपर्यंत विचार करा," ते म्हणाले. "हट्ट करू नका. तुमच्याकडे पुरावा काय आहे?"

आज शुक्रवार आहे. कागद समोर आहे. मी चार दिवस हा मजकूर वाचतो आहे. चांगलं मराठी आहे. 'संबंध नाही' हे दोन शब्द सोडले तर मला त्यात एकही चूक काढता येत नाही.

माझ्याकडे पुरावा नाही. तो मीच पुसला. दादांचा आवाज माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. उद्या कुणी षटकार मारला तर तो वाजेल आणि मी तो थांबवू शकणार नाही. ऑर्डर येणार नाही. चाळिशीत नागापूरच्या कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर मला नवी पोरं 'ए काका' म्हणतील. हे सगळं मला दिसतं आहे. यातलं काहीच मला टाळता येत नाही.

एवढंच करता येतं की तो व्हिडिओ मी करणार नाही. माझ्या बापाचा त्याच्या गाण्याशी संबंध नाही, हे माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही. ते कापतील, पुसतील, वर ढोल लावतील. लावू देत. पण हे एक वाक्य त्यांना माझ्याकडून हवं आहे, आणि ते मी देणार नाही.

उद्या सकाळी दहा वाजता मी शाळेत जाईन. हा कागद सही न करताच परत करीन. मुख्याध्यापकांसमोर उभा राहून नकार देईन, बसून नाही.