वेताळाच्या वहाणांत उभी पोर

आमच्या गावच्या वेताळाला वहाणा देतात. पेडण्याच्या आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी सांगते. चामड्याच्या, जाड तळाच्या, माणसाच्या पायाला कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव त्या घालून रानातून, बांधांवरून गावाची राखण करत फिरतो. वर्षानं नवा जोड ठेवायचा आणि जुना उलटून बघायचा, तर तळ झिजलेला असतो. मी स्वतः बघितलाय. कसा झिजतो ते मला विचारू नका. जुन्या वहाणा कुणी घरी नेत नाही की टाकत नाही. देवळाच्या कडेला ढीग आहे, तिथंच कुजतात. त्यांत पाय घालायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

आणि त्यांत आमच्या शेजारची पोर पाय घालून उभी राहिली.

ही माणसं सावंतवाडीकडून आलेली. नवरा सुर्ल्याला खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्याला घरी यायचा. बायको लोकांच्या शेतात जायची. पोर सात-आठ वर्षांची, दिसायला गोड, पण तोंडातून शब्द नाही. त्या वर्षी गोव्यात भाषेवरून रान पेटलं होतं. भिंती घोषणांनी भरलेल्या, रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, म्हापशाची बस बंद. आमच्या सोप्यावरसुद्धा मराठी की कोंकणी म्हणून भावाभावांत बोलणं तुटलं होतं. आणि ही पोर दोन्हीतलं काही बोलत नव्हती. ती किंचाळायची. दुपार चढली की भिंतीवर डोकं आपटायची, हाताला लागेल त्याला चावायची. आईच्या दोन्ही हातांवर दातांचे वण होते. ती बाई बांगड्या वर सरकवून ते झाकायची.

गावात काय बोलत असतील ते कळलंच असेल. आईनं वळण लावलं नाही, असं अर्धे म्हणायचे. तिला काहीतरी लागलंय, असं उरलेले. विहिरीवर पोरीची आई आली की बाकीच्या बायका कळशी अर्धी भरूनच निघायच्या.

मी तेव्हा घरी बसून पोलकी शिवायची. एकदा ती माझ्या दारात आली, पोरीला कमरेशी आवळून धरलेली, आणि म्हणाली, "काकी, माका जरा निजाक व्हया."

बाकी काही मागितलं नाही तिनं. पैसे नाही, औषध नाही. नवरा रस्ते बंद म्हणून खाणीवरच अडकलेला आणि हिला कितीतरी दिवस झोप नव्हती. मी म्हटलं, "जा गो, निज. हिला मी बघते."

पहिल्या दिवशी चावली मला. मनगटाला. मी ओरडणार होते, पण तिचे डोळे बघितले आणि थांबले. रागानं चावणारं माणूस आपल्याकडे बघतं. ही माझ्याकडे बघतच नव्हती. ती घाबरलेली होती, आणि ज्याला घाबरली होती ते मला दिसत नव्हतं. मग मी तिला धरणं सोडलं. मशीन चालवत बसले, सावकाश, एका लयीत. ती हळूहळू सरकत आली आणि माझ्या पायांशेजारी आपले पाय मशीनच्या पायटीवर ठेवून बसली. मशीन थांबलं की किंचाळायची. मग मी बिनदोऱ्याचंच मशीन चालवायची. आमचे म्हणायचे, "काय शिवतंस गे, वारो?"

असे काही दिवस गेले. एक दिवस भर दुपारी मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येते तर सोपा रिकामा.

आई झोपेतून उठून तशीच धावली. आम्ही दोघी हाका मारत वेताळाच्या देवळापर्यंत गेलो. दुपारी बाराला तिथं कुणी जात नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. पोर त्या ढिगाजवळ होती. जुन्या, बुरशी आलेल्या वहाणांत पाय घालून सरळ उभी. इतकी स्थिर मी तिला झोपेतही बघितली नव्हती. तिची मान वर होती, शेजारी उंच माणूस उभं असावं आणि त्याच्या तोंडाकडे बघावं तशी. उजवा हात वर उचललेला. बोटं मिटलेली, दुसऱ्याचं बोट धरावं तशी.

आईनं माझा पदर ओढला. "काकी," ती पुटपुटली, "ह्या हसता."

खरंच हसत होती.

आम्ही कुणाला सांगितलं नाही, पण गुराख्यानं बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत मानकरी पोरीच्या आईच्या दारात. देवळाचा मान त्यांच्या घराण्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हुकूम सोडतो. "देवाच्या वस्तूक पाय लायलो हां तिणें. घोव येयसर बांदून दवर तिका. मागीर घाडी बघतलो." नवरा येईपर्यंत बांधून ठेव, मग घाडी म्हणजे गावचा मांत्रिक काय ते करील.

दुसऱ्या सकाळी आई माझ्याकडे सुंभाची दोरी घेऊन आली. "तुमी धरा, काकी. मी बांधतंय."

दोरी नवीन होती. तिनं ती तेलात भिजवून मऊ केली होती, पोरीच्या हाताला रुतू नये म्हणून. ते तेल बघितल्यावर मी दोरी तिच्या हातातून काढून घेतली. मी म्हटलं, "एकदा बांधलीस की सुटायची नाही ती. तूही नाही सुटायचीस. आधी देवाला विचारूया."

आमच्याकडे अडलं की देवाला पाकळ्या लावून प्रसाद घेतात. पाण्यानं भिजवून मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक बांदचें तर उजवी दी, नाका तर डावी दी." जमलेले लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

एकही पाकळी हलेना. पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा काही नाही. ऊन वर आलं, पाकळ्या सुकल्या तरी दगडाला चिकटूनच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि पोर आईच्या हातातून निसटून ढिगाकडे गेली, वहाणांत पाय घातले, आणि तिनं उजवा हात वर केला.

लोक दोन पावलं मागं सरले.

मग आई पुढं झाली. बायका तिथं गाऱ्हाणं घालत नाहीत. तिला ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून तिला पर्वा नव्हती. देवाशी नव्हे, शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. "तू तरी तेका सांभाळतंस. तुझ्याकडे ता रडणा नाय. माका एकटीक जमणा नाय रे. माका कोणतरी दी."

उजवी पाकळी पडली, तिच्या मागण्याला हो. एवढ्याशा पाकळीचा कसला आवाज? पण मला तो ऐकू आला.

मानकऱ्यांनी कपाळाचा घाम पुसला. आमच्या देवळात दिव्याची पाळी असते, घर बदलून घर. ते म्हणाले, "जेच्या घरची दिव्याची पाळी, तेणें दनपारां ह्या चेडवाक हांगा हाडचें, आनी परत व्हरचें. आवयक निजूंक दिवची." ज्याच्या घरी दिवा, त्याच्याकडे दुपारची पोर: इथं आणायची, परत न्यायची, आईला झोपू द्यायचं. एक म्हातारा कुरकुरला, "आनी चावलें जाल्यार?" तर मानकरी म्हणाले, "चावूं दी. देवाच्या दिव्याचो चटको कधींच बसना तुका?"

दोरीनं आम्ही पुढं कपडे वाळत घातले.

मला नंतर सुचलं, त्या वहाणा जड होत्या. पायावर वजन आलं की तिचा जीव ठिकाणावर येत असेल. मी जाड कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली आणि घरी तिच्या पायांवर ठेवायला दिल्या. थोडा फरक पडला. किंचाळणं गेलं नाही. पण विहिरीवर बायका कळशी पूर्ण भरू लागल्या आणि "काल निजलंस मगे?" असं तिच्या आईला विचारू लागल्या. रस्ते मोकळे झाले, नवरा आला, तेव्हा बायकोला दुपारी गाढ झोपलेली बघून दारातच बसून राहिला. पुढं गोव्याचं वेगळं राज्य झालं, फटाके वाजले, तेव्हा पोर कान दाबून माझ्या मशीनखाली होती.

सगळं वजनानंच झालं असेल, असं मी बाहेरच्यांना सांगते.

पण आमच्या घरची पाळी आली तेव्हा तिला देवळाहून परत मीच आणायची. डाव्या हातानं ती माझं बोट धरायची. उजवा हात तसाच वर, बोटं मिटलेली. बांधावरची वाट अरुंद, दोघांपुरतीच. मी त्या बाजूला कधी बघितलं नाही. फक्त थोडी सरकून, एक पाय शेतातल्या चिखलात टाकत चालायची, म्हणजे तिसऱ्याला जागा होईल.