पाहुण्यासाठी आणलेलं पाणी

दवनीवाड्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपतात तिथं कवडूची टोली ही लहानशी वस्ती होती. टोलीला विहीर नव्हती. माणसं आणि म्हशी एकाच बोडीवर पाणी पीत. उन्हाळ्यात त्या तळ्याचा चिखल होई आणि बाया फडक्यातून गाळून घागरी भरत. चांगलं पाणी हवं तर मालगुजाराच्या विहिरीपर्यंत चालत जावं लागे, आणि तिथला गडी चार शब्द ऐकवल्याशिवाय दोर हाती देत नसे.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्यात निरोप आला, की नागपूरकडून पाहणी करणारे येणार. ज्या वस्तीची अडचण मोठी, तिथं विहीर खणून देणार. मात्र टोलीतल्या एकाच घराला विचारणार, तेही चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी कवडूच्या नावाची निघाली.

पाहुणा येतो म्हटल्यावर सगळी टोली कामाला लागली. शेजारच्या बकारामनं आपली बाज आणून टाकली. कोणी पाण्याचा पितळी गुंड दिला, कोणी ओंजळभर वासाचा चिन्नोर तांदूळ. कवडूची बायको रुख्मा हिनं भिंतींना पांढरी माती फासली आणि गड्याची बोलणी खाऊन मालगुजाराच्या विहिरीवरून गुंडभर पाणी आणलं.

पाहणीला आलेला गोवर्धनराव तरुण होता, मऊ बोलायचा. बाजेच्या कडेवर बसून म्हणाला, "मी काही द्यायला आलेलो नाही हं. जसं आहे तसं सांगा." मग पाणी प्यायला. "वा! गोड आहे. कुठलं?"

दारात सगळी टोली उभी होती. मागून आणलेलं पाणी पाहुण्याला पाजलं, हे पाहुण्यालाच कसं सांगावं? कवडू म्हणाला,

"आमचंच हाय जी."

"म्हणजे पाण्याची अडचण नाही?"

"चालून राहिलं हाय, देवाच्या दयेनं."

दारात कोणीतरी समाधानानं खाकरलं. बोडी तर वाटेतच होती. शिकलेल्या माणसाला ती दिसलीच असेल, तोंडानं कायले सांगावी, असं कवडूला वाटलं. पण गोवर्धनरावाला सांगितलेलं लिहायचं होतं, पाहिलेलं नाही.

विहीर दुसऱ्या गावाला मिळाली. तिथल्या लोकांनी म्हणे पाहुण्याला बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात टोलीत हैजा, पटकीची साथ, शिरला. कवडूची लेक शामकला त्यात गेली, अजून धड बोलायलाही लागली नव्हती. बकारामचा म्हातारा बाप गेला. बाप गेल्यापासून बकाराम बोडीवर भेटला की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "काऊन गा कवडू, इथं कायले आलास? तुह्या घरी तर गोड पानी हाय ना!"

कवडू मान खाली घालून घागर बुडवायचा. एकदा रुख्माला राहवलं नाही.

"अन् बाज कोनाची होती गा, बकाराम भाऊ?"

बकाराम घागर उचलून चालता झाला. पण पुढंही टोमणा तोच राहिला. रुख्माला पुन्हा मूल झालं नाही. कवडूनं मात्र मनाशी एक ठरवून टाकलं होतं. पाहणीवाले पुन्हा येतील तेव्हा त्यांना खरं पाणी पाजायचं.

ते आले तेव्हा कवडूचे केस पिकले होते. आता स्वराज्य येणार असं गोंदियाच्या बाजारात जो तो बोलत होता. सुलोचनाबाई नावाची शिकलेली बाई टोलीत शिरली आणि कवडू तिला वाटेतच आडवा गेला.

"माह्या घरी चला जी पयले."

घरात बाज नव्हती, भिंती तशाच काळ्या. कवडूनं बोडीच्या पाण्यानं लोटा भरून पुढं केला. पाणी चहासारखं दिसत होतं.

"घ्या जी. आमी हेच पेतो."

बाईनं लोट्यात पाहिलं. मग पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला. "मी माझं आणते, बाबा. उकळलेलं."

"नका पेऊ. पन लिवा तरी."

"पाण्याची पाहणी मागेच झाली. तुमच्या टोलीला अडचण नाही असंच आलंय त्यात. आम्ही या वेळी लहान मुलांच्या खाण्याचं विचारतोय." तिनं पेन्सिल काढली. "घरात लहान मूल आहे?"

कवडूनं रुख्माकडं पाहिलं. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"नाही जी."

"मग मला पुढच्या घरी जायला हवं," बाई म्हणाली आणि उठली.

लोटा भरलेलाच राहिला होता. कवडूनं तो उचलला आणि उभ्याउभ्याच सगळा पिऊन टाकला.