सव्वा रुपयातली पावली

माझ्या लेकाच्या, रोहनच्या टेम्पोसाठी मी देवीला नवस बोलले होते, ते सांगायला बसलेय. पण नवसाची गोष्ट एकटी कधी येत नाही हो! आम्हा बायकांची देवीच्या देवळातली मंगळवारची आरती एवढीशी, आणि त्यानंतरच्या गप्पा तासभर. बरणीच्या तळाशी चिक्कीचा चुरा साठावा तसे किस्से साठत जातात.

आमची रीत अशी, की नवस बोलताना सव्वा रुपया पिवळ्या फडक्यात बांधून देवापुढं ठेवायचा. रुपया मिळतो, पण वरची पावली? चार आण्याचं नाणं सरकारनं कधीच बंद केलं! आमच्यात एकच उरलीय, हौसामावशींची. मावशी आंदर मावळातल्या, आता लोणावळ्यात लेकाकडं असतात. जिचा नवस, तिच्या घरी पावली. नवस फिटला की देवीच्या पेटीत नोट टाकायची आणि पावली मावशींना परत.

*

शेजारच्या मंगलच्या लेकीला नोकरी लागली. आनंदाच्या भरात मंगलनं अख्खं फडकंच दानपेटीत टाकलं! आम्ही सगळ्या पुजारीकाकांपुढं उभ्या.

"पेटी पौर्णिमेला उघडते," काका म्हणाले.

"मंग पौर्णिमेपातुर कुनी काय मागायचं न्हाई," मावशींनी जाहीर केलं. "देवीला बी जरा इसावा!"

पौर्णिमेला काकांनी पावली शोधून मावशींच्या हातावर ठेवली. "घ्या, बँक ही घेत नाही."

मावशींनी ती पदराला पुसली. "नगं घिऊ दे. आमी घेतो!"

*

आता आमचा रोहन. हॉटेलात रिसेप्शनला आहे. स्वतःचा टेम्पो घ्यायचा म्हणून डाउन पेमेंट जमवत होता. ते सगळे पैसे त्यानं त्या मोबाइलमधल्या कॉइनमध्ये, म्हणजे हातात न येणाऱ्या आभासी नाण्यात घातले! हे सुचवणारा सागर, त्याच हॉटेलातला त्याचा मित्र. तो माझ्या स्वयंपाकघरात बसून मला समजावत होता.

"काकू, रुपया दरवर्षी झिजतो. तुमच्या लग्नात नारळ केवढ्याला होता?"

"मला काय ठाऊक? ओटीत आला होता!"

"बरं, राहू दे. पण हे कॉइन मोजकंच आहे. कुणाला वाटलं म्हणून जास्तीचं काढता येत नाही. म्हणून त्याची किंमत टिकते."

मंगल वाटीभर साखर न्यायला आली होती. ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आपल्या पावलीसारखंच की!"

सागरनं उरलेला चहा संपवला.

*

पुढं कॉइन पडलं. टेम्पोचे पैसे निम्म्यावर आले. रोहन जेवताना खाली मान घालून बसायचा.

हे म्हणाले, "रुपयात ठेवले असते तर रुपये तरी राहिले असते!"

"बाबा, रुपयाची पण किंमत कमी होते."

"होते रे. पण मी चहा प्यायला उठलो, तेवढ्यात होत नाही!"

*

मी पावली मागून आणली. "आई गं, माझ्या लेकानं घातले तेवढे परत मिळू देत," म्हटलं आणि गाठ मारली. नवस फिटेपर्यंत गूळ सोडला. लोणावळ्यात राहून गूळ सोडायचा! त्यात हे चिक्कीच्या दुकानात कामाला. संध्याकाळी घरात आले की गुळाचा घमघमाट!

रोहननं नवस ऐकला होता. "आई, मागायचंच तर दुप्पट माग की!"

"दुप्पट घातले होतेस का?"

*

बरेच महिने गेले. एके सकाळी मी पोहे परतत होते, तर रोहन मोबाइल घेऊन धावत आला. "आई, घातले तेवढे झाले! पण सगळे म्हणतायत अजून वर जाणार. थांबू का?"

मी पोह्यांवर झाकण ठेवलं. तो देवघरातल्या पिवळ्या गाठीकडं बघत राहिला.

"देवीला तू एवढंच सांगितलंयस ना?"

"एवढंच."

त्यानं तिथंच उभ्या उभ्या विकलं. मग डबा उघडून चिक्कीचा तुकडा माझ्या तोंडात घातला.

टेम्पो दारात आला, तेव्हा लिंबू-मिरची मावशींनी बांधली. नंतर कॉइन कुठं गेलं, ते त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

*

सागरचेही पैसे त्याच कॉइनमध्ये होते; त्यानं मात्र विकलं नव्हतं. गेल्या मंगळवारी आरती चालू असताना तो आला, दारात बूट काढले आणि मागं उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. आरती झाली, प्रसाद घेतला, तरी निघेना.

"काकू... ती पावली सध्या मोकळी आहे का?"

मंगल एवढी हसली की तिच्या हातातलं निरांजन मला धरावं लागलं! हौसामावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडली.

"हाय की, हितंच हाय. पर बाळा, किती मागायचं ते ठरवून आलायस ना?"

सागरनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. "मावशी, जरा बसू का?"

"बस. घाई न्हाई."

तुमच्याही देवघरातल्या डबीत एखादी पावली पडली असेल. बघा. मोडीत देऊ नका. हळदकुंकू लावून ठेवा. आणि कुणी मागायला दारात आलं तर हसू नका हं. आधी बसायला सांगा.